फोटो निघाला, पण पोचला का?

आकाशातले कॅमेरे केव्हाच स्मार्ट झालेत. त्यांनी टिपलेला फोटो जमिनीवर यायला मात्र अजूनही तासभर लागू शकतो. आता घरोघरी इंटरनेट देणारे उपग्रहच त्यांचे पोस्टमन व्हायला निघालेत. टपाल झटपट येईल, पण पोस्टाची किल्ली कोणाच्या खिशात?

पिझ्झा मागवला की डिलिव्हरीवाला कुठल्या सिग्नलला अडकलाय हे मोबाइलवर दिसतं. कॅब दोन मिनिटं लेट झाली तर आपण वैतागतो. व्हॉट्सअॅपवरच्या टिका निळ्या व्हायला वेळ लागला तर जीव टांगणीला! अशा या घाईच्या जमान्यात एक गंमत ऐका. पृथ्वीवर नजर ठेवणारा कोट्यवधी रुपयांचा एखादा उपग्रह झक्कास फोटो काढतो. आणि मग? मग तो फोटो पोटात ठेवून गप्प फिरत राहतो, खाली ओळखीची अँटेना दिसेपर्यंत. कधी दहा मिनिटं, कधी तासभर, कधी त्याहूनही जास्त.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. पण त्या फोटोत जंगलात नुकतीच लागलेली आग असेल, किंवा पात्र सोडून गावात शिरलेली नदी असेल, तर हा उशीर हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून जरा खोलात शिरले. तिथे भेटली ती एका नव्या पोस्टमनची गोष्ट.

इतका उशीर का बुवा?

पृथ्वीची छायाचित्रं घेणारे बहुतेक उपग्रह जमिनीपासून पाचशे ते आठशे किलोमीटर उंचीवरून फिरतात. वेग ताशी साधारण २७ हजार किलोमीटर. दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीला एक चक्कर पूर्ण. या वेगामुळे जमिनीवरच्या कुठल्याही एका ग्राउंड स्टेशनला हा पाहुणा जेमतेम दहा मिनिटं दिसतो. क्षितिजावर उगवला, डोक्यावरून गेला, मावळला. त्या दहा मिनिटांत काय तो डेटा उतरवून घ्यायचा. उरलेला वेळ उपग्रह समुद्रावरून, वाळवंटांवरून, जिथे एकही अँटेना नाही अशा भागांवरून फिरत असतो. पृथ्वीचा ७० टक्क्यांहून जास्त भाग पाण्याखाली आहे. पाण्यावर अँटेना लावणार कुठे?

मग जास्तीत जास्त वेळा उपग्रह दिसेल अशी जागा शोधायची. ती जागा म्हणजे उत्तर ध्रुवाजवळ, ७८ अंश अक्षांशावर असलेलं नॉर्वेचं स्वालबार्ड बेट. पृथ्वीवर नजर ठेवणारे बरेचसे उपग्रह एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे जातात. खाली पृथ्वी गरगर फिरत असते, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या आकाशात ते दिवसातून मोजक्या वेळा येतात. ध्रुवाजवळून मात्र दर चकरेला जातात, म्हणजे रोज चौदा-पंधरा वेळा! लाँगइयरब्येन या टुमदार गावाजवळच्या पठारावर १९९७ पासून अँटेनांची वसाहत उभी राहत गेली. आज तिथे पांढऱ्या घुमटांत शंभराहून जास्त अँटेना आहेत. दिसायला एकदम सायन्स फिक्शन. काम मात्र पोस्ट ऑफिसचं. जगभरच्या उपग्रहांची टपालं उतरवायची आणि समुद्राखालच्या केबलने पुढे धाडायची.

आपलंही असंच आहे. हैदराबादजवळच्या शादनगरला इस्रोचं मुख्य डेटा केंद्र आहे. त्याच्या मदतीला २०१३ पासून अंटार्क्टिकातल्या ‘भारती’ या आपल्या तळावरही अँटेना बसवली आहे. कोकणातल्या पुराचा फोटो थेट शादनगरला उतरेल की अंटार्क्टिकाला वळसा घालून येईल, हे त्या वेळी उपग्रह कुठे आहे यावर ठरतं. हनिमूनसुद्धा कोणी इतक्या लांब काढत नाही!

आग वाट बघत नाही

आता थोडं गंभीर होऊ. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला लागलेल्या आगी आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिल्या. पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींमध्ये मिळून १६ हजारांहून जास्त इमारती गेल्या आणि तीसच्या वर माणसं दगावली. वारा असा सुसाट होता की आग ठिणग्यांवर स्वार होऊन पुढच्या गल्लीत पोचत होती. आता विचार करा. शहरात धूर दिसला तर कोणीतरी फोन फिरवतं. दोन डोंगरांपलीकडच्या जंगलात कोण फिरवणार?

तिथे उपग्रह लागतो. पण आजवरच्या उपग्रहांची एक पंचाईत आहे. ३६ हजार किलोमीटरवरून एकाच जागी रोखून बघणारे हवामान उपग्रह दर पाच-दहा मिनिटांनी फोटो देतात. पण इतक्या लांबून त्यांच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे साधारण दोन किलोमीटरचा चौकोन. त्यात छोटी आग हरवून जाते. जवळून फिरणाऱ्या उपग्रहांवरचा ‘व्हिअर्स’ हा कॅमेरा ३७५ मीटरपर्यंत खाली येतो, पण तो एका उपग्रहावरून त्याच जागी दिवसातून साधारण दोनदाच फिरकतो. एक जण सारखा बघतो पण नीट दिसत नाही. दुसऱ्याला नीट दिसतं पण तो सारखा नसतो.

ही कोंडी फोडायला ‘फायरसॅट’ नावाचा प्रकल्प निघालाय. अर्थ फायर अलायन्स ही संस्था, म्यूऑन स्पेस ही कंपनी आणि गूगल यांची ही भागीदारी. यातला पहिला चाचणी उपग्रह मार्च २०२५ मध्ये अवकाशात गेला. जुलैमध्ये त्याची पहिली छायाचित्रं जाहीर झाली. त्यात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मेडफर्डजवळ रस्त्याकडेला लागलेली एक छोटी आग होती. दुसऱ्या कुठल्याही उपग्रह यंत्रणेला ती दिसली नव्हती. पुढे पन्नासहून जास्त उपग्रह सोडायचे, पाच बाय पाच मीटरची, म्हणजे आपल्या हॉलपेक्षा जरा मोठी आगसुद्धा पकडायची आणि जगाच्या बहुतेक भागावर दर वीस मिनिटांनी नजर फिरवायची, असा त्यांचा बेत आहे.

मस्त! पण थांबा. वीस मिनिटांत आग बघितली आणि निरोप सांगायला पुढची अँटेना येईपर्यंत आणखी वीस-तीस मिनिटं थांबलो, तर कमावलं काय? कॅमेऱ्यावर केलेला सगळा खर्च टपालखात्यात वाया. नेमक्या याच ठिकाणी इंटरनेट देणारे उपग्रह एन्ट्री घेतात.

लेझरचा फंडा

स्टारलिंकचं नाव आता कोणाला नवं नाही. २०२५ च्या अखेरीस या एका कंपनीचे नऊ हजारांहून जास्त उपग्रह पृथ्वीभोवती फिरत होते. हे उपग्रह आपल्या घराच्या गच्चीवरच्या डिशला इंटरनेट देतातच, शिवाय एकमेकांशीही बोलतात, तेही लेझरच्या किरणांनी. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीच्या इंजिनीअरने एका परिषदेत आकडे दिले होते. नऊ हजार लेझर आणि त्यांच्यातून रोज ४२ पेटाबाइट डेटा! एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी. तुमच्या डेटा पॅकचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणजे वर आकाशात एक जाळं आधीच विणून तयार आहे. मग फोटो काढणाऱ्या उपग्रहाने खाली अँटेना शोधत का फिरायचं? शेजारून जाणाऱ्या इंटरनेट उपग्रहाकडे लेझरने फोटो द्यावा. त्याने पुढच्याला द्यावा, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि जो कोणी त्या क्षणी ग्राउंड स्टेशनच्या डोक्यावर असेल त्याने खाली सोडावा. आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांचंच तंत्र हे! बोरिवलीला उचललेला डबा एकच माणूस फोर्टपर्यंत नेत नाही. तो हातोहात जातो आणि जेवणाच्या वेळेला टेबलावर असतो.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. दोघंही सेकंदाला सातेक किलोमीटर वेगाने पळतायत, मधे हजारो किलोमीटरचं अंतर, आणि किरण अगदी बारीक. धावत्या लोकलच्या दारातून दुसऱ्या धावत्या लोकलमधल्या माणसाच्या शर्टाच्या बटणावर टॉर्च धरून ठेवायचा, असला प्रकार. पण जमलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘पोलारिस डॉन’ या खासगी मोहिमेत ड्रॅगन यानाला असं लेझर जोडलं होतं. सारा गिलिस या अंतराळवीर इंजिनीअरने यानात व्हायोलिन वाजवलं आणि तो व्हिडिओ स्टारलिंकच्या जाळ्यातून पृथ्वीवर आला. अंतराळातून आलेली ही मैफल म्हणजे खरं तर नव्या टपालसेवेचं उद्घाटन होतं.

आता हीच सेवा विकायला आहे. कंपनीने दुसऱ्यांच्या उपग्रहांवर बसवायला छोटं लेझर काढलंय. चार हजार किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून सेकंदाला २५ गिगाबिट हा त्याचा सांगितलेला वेग. फायरसॅट बनवणाऱ्या म्यूऑन स्पेसने २०२५ मध्येच आपल्या उपग्रहांवर ते बसवायचं जाहीर केलं. आगीची बातमी मिनिटांत नाही, जवळपास त्याच क्षणी खाली यावी, हा त्यामागचा हेतू. स्पर्धाही आहेच. अॅमेझॉनने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या दोन चाचणी उपग्रहांमध्ये सुमारे हजार किलोमीटरवरून सेकंदाला १०० गिगाबिटचा लेझर संवाद करून दाखवला.

अर्थात सगळ्याच टपालाला घाई नसते. नासा आणि इस्रो यांचा ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून उडाला. त्याच्या निरीक्षणांवर प्रक्रिया होऊन रोज साधारण ८० टेराबाइट माहिती तयार होईल, असा नासाचा अंदाज. जमीन वर्षाला किती सेंटिमीटर खचली, हे बघायला ती लागते. तिला दोन तास उशीर झाला तर काही बिघडत नाही. आग, पूर, तेलगळती यांचं तसं नाही. आणखी एक युक्ती म्हणजे अख्खा फोटो पाठवायचाच नाही. युरोपने २०२० मध्ये सोडलेल्या ‘फाय-सॅट-१’ या चिमुकल्या उपग्रहाने ढगाळ फोटो वरच्या वर ओळखून बाजूला काढायचा प्रयोग केला. आपल्या पावसाळ्यात या युक्तीला केवढं काम आहे, ते सांगायला नको! पुढे उपग्रहानेच ‘इथे आग, हे अक्षांश-रेखांश’ एवढं ओळखलं, तर निरोप एसेमेसएवढा छोटा होतो.

चौकट : पॅराशूट ते लेझर

१९६० : अमेरिकेच्या हेर उपग्रहाने फोटोंचं रीळ डब्यात घालून पॅराशूटने खाली सोडलं. हवाईजवळ विमानाने ते हवेतच झेललं.

१९७२ : पहिल्या लँडसॅट उपग्रहावर टेपरेकॉर्डर होते. अँटेना दिसेपर्यंत फोटो टेपवर ठेवायचे.

१९८३ : नासाने निरोप्या उपग्रह सोडला, नाव टीडीआरएस. ३६ हजार किलोमीटरवरून खालच्या उपग्रहांचा डेटा घ्यायचा आणि जमिनीवर द्यायचा.

२००४ : स्वालबार्डला समुद्राखालची फायबर केबल पोचली.

२०१४ : सेंटिनल-१ए उपग्रहाचा फोटो लेझरने अल्फासॅट या उंचावरच्या उपग्रहामार्फत जमिनीवर आला.

२०१६ : युरोपचा ईडीआरएस-ए हा निरोप्या उपग्रह वर गेला. वेग सेकंदाला १.८ गिगाबिट.

२०२४ : इंटरनेट पुरवणाऱ्या जाळ्यातून ड्रॅगन यानातला व्हायोलिनचा व्हिडिओ खाली आला.

किल्ली कोणाच्या खिशात?

चौकट वाचून लक्षात आलं असेल की वरच्या वर निरोप देण्याची आयडिया नवी नाही. नवी आहे ती मालकी. आधीचे निरोपे सरकारी होते किंवा सरकारी पैशाच्या आधाराने उभे होते. संख्येने मोजके, बनवायला महाग. आता नासानेच ठरवलंय की, नोव्हेंबर २०२४ नंतरच्या नव्या मोहिमांना टीडीआरएसची सेवा द्यायची नाही, त्यांनी खासगी जाळं वापरावं. त्याची तयारी म्हणून २०२२ मध्येच सहा कंपन्यांशी मिळून २७ कोटी ८५ लाख डॉलरचे करार झाले.

सरकारी पोस्ट ऑफिस हळूहळू बंद होतंय आणि कुरिअरवाले आलेत. कुरिअर फास्ट असतं, यात वादच नाही. पण दोन प्रश्न मला सतावतात.

पहिला, कुरिअर बंद पडलं तर? २४ जुलै २०२५ ला स्टारलिंकची सेवा सॉफ्टवेअरच्या गडबडीमुळे साधारण अडीच तास जगभर ठप्प झाली होती. घरी बसून सिनेमा बघणाऱ्यासाठी ही कटकट. आगीच्या निरोपासाठी मात्र अडीच तास म्हणजे एक अख्खं जंगल. आता जुनी पद्धत अभेद्य होती, असंही नाही हं. जानेवारी २०२२ मध्ये स्वालबार्डच्या दोन केबलपैकी एक समुद्रात निकामी झाली होती. दुसरी शाबूत होती म्हणून निभावलं. यातला धडा साधा आहे, आपल्या आजीलाही ठाऊक असलेला. घराच्या दोन चाव्या ठेवाव्यात.

दुसरा प्रश्न, कुरिअरवाल्याने द्यायचं नाही म्हटलं तर? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या सरकारी यंत्रणेतून युक्रेनला मिळणारी उपग्रह छायाचित्रं काही दिवस थांबवली होती. उपग्रह तेच, फोटो तयार, फक्त दार बंद. फोटोचंच दार असं बंद होऊ शकतं, तर फोटो ज्या रस्त्याने येतो तो रस्ता बंद करायला किती वेळ लागणार? त्यातून ज्या कंपनीचं लेझर उपग्रहावर बसवलं, तिच्याच जाळ्याशी तो बांधला गेला. एकदा वर गेलेल्या उपग्रहाचं सिम कार्ड बदलायला कोण जाणार?

यावर एक छान उत्तर शोधलं जातंय, आणि ते आपल्या चांगलं ओळखीचं आहे : रोमिंग! नासाने जुलै २०२५ मध्ये ‘पेक्स्ट’ नावाचं एक उपकरण अवकाशात पाठवलं. ते सरकारी टीडीआरएसशीही बोलतं आणि एसईएस, व्हायासॅट या खासगी कंपन्यांच्या जाळ्यांशीही. एकाची रेंज गेली की दुसऱ्यावर. हे रेडिओ लहरींवर चालतं, लेझरवर नाही. पण विचार तोच, दोन चाव्यांचा.

गडचिरोलीचं काय?

हे सगळं अमेरिकेत, आपल्याला काय त्याचं? आहे, आपल्यालाही आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने वणव्यांवर नजर ठेवते. व्हिअर्ससारख्या कॅमेऱ्यांना गरम ठिपका दिसला की त्या भागातल्या वन कर्मचाऱ्यांना एसेमेस जातो. तुम्हाला-मलाही संस्थेच्या साइटवर नाव नोंदवून आपल्या जिल्ह्याचे इशारे मोबाइलवर मागवता येतात. उन्हाळ्यात मेळघाट किंवा ताडोबाचे प्लॅन करणाऱ्यांनी जरूर करून बघा. नकाशावरच्या हिरव्या रंगाकडे बघायची नजरच बदलते.

महाराष्ट्रात वणव्यांच्या बाबतीत गडचिरोलीचं नाव कायम वर असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूच्या हंगामातही आगी लागतात, आणि त्यातली एखादी हाताबाहेर जाते. उपग्रहाला ती दिसते. डेटा उतरतो, तपासला जातो, एसेमेस निघतो. आणि वनरक्षक नेमका रेंज नसलेल्या भागात असेल तर? वरून खालपर्यंत केलेली सगळी धावपळ शेवटच्या पायरीवर अडखळते.

इथे एक योगायोग आहे. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारत सरकारचा परवाना मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्याशी इरादापत्रावर सही केली. त्यात दुर्गम आणि मागास भाग म्हणून ज्या जिल्ह्यांची नावं आहेत, त्यात नंदुरबार, धाराशिव, वाशिमसोबत गडचिरोलीही आहे. म्हणजे उद्या एकाच जाळ्यातून आगीचा फोटो वर फिरेल आणि त्याच जाळ्यातून निरोप खाली वनरक्षकाच्या चौकीत उतरेल, अशी शक्यता तरी तयार झाली.

आणि आपली स्वतःची चावी? इस्रोने गगनयानच्या निमित्ताने स्वतःचे निरोपे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर ठेवायची योजना आखली आहे. अंतराळवीरांशी संपर्क तुटू नये, हा तिचा मुख्य हेतू. पण निरोप्या तो निरोप्या. फोटो काढणाऱ्या उपग्रहांनाही त्याचा उपयोग करून घेता येईल. संख्येने ते मोजकेच असतील. पण घरची चावी घरची असते.

माझ्या पिढीला वेगाचं व्यसन आहे, हे मान्य. पण हा वेग निव्वळ शोबाजीचा नाही. पाच मीटरची आग दोन माणसं झाडाच्या फांद्यांनी झोडपून विझवू शकतात, तासाभराने तिला दोनशे माणसं पुरत नाहीत. तो एक तास वाचवायला स्टारलिंक असो, अॅमेझॉन असो की इस्रो, जो येईल त्याला आपण वापरलं पाहिजे. फक्त करार करताना सरकारने एक कलम ठळक अक्षरात लिहून घ्यावं : आपत्तीचं टपाल अडवायचं नाही, आणि एक रस्ता बंद पडला तर दुसरा मोकळा ठेवायचा.

बाकी पिझ्झा दहा मिनिटं उशिरा आला तरी चालेल हो!